पेटीतले शेजारी

शनिवार, दुपारचे तीन. काम: साठा तपासणी. जागा: सोलापुरातल्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातली काचपट्ट्यांची खोली. हजर: यादी घेऊन मी आणि महिनाअखेर निवृत्त होणारे तंत्रज्ञ सिद्रामप्पा.

"शेजाऱ्यांची बी हजेरी लावा की," सिद्रामप्पा म्हणाले आणि मेंदूच्या काचपट्ट्यांच्या पेटीवर त्यांनी दोनदा टकटक केली. "कुणाच्या घरात न विचारता शिरायचं न्हाय, मॅडम."

मेंदूचे पातळ काप रंगवून काचेवर चढवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नवे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकात चेतापेशी शोधू लागले की ते चिडत. "त्या नुसत्या आरडाओरडा करणाऱ्या! आजूबाजूच्या बघा की!"

आजूबाजूच्या म्हणजे ग्लिया पेशी. ताऱ्यासारखे हात पसरून चेतापेशींना बिलगलेल्या. त्यांना खाऊ घालतात, त्यांनी सांडलेली रसायनं पुसून घेतात, कुणी किती बोलायचं यावरही लक्ष ठेवतात. "ह्यांनी पुसलं न्हाय तर डोक्यात दंगा. फिट येती माणसाला."

बोलता बोलता ते थांबत, पेटीला कान लावत आणि कानडीत दटावत, "सुम्मनिर्री." गप्प बसा. आणि खोली आणखी गप्प होई. पंखा चालू असूनही. माझंही पेन थांबे.

यादीत चाळीस काचा होत्या. पेटीत एक्केचाळीस निघाल्या. मी पुन्हा मोजल्या.

"ही कुणाची?"

"महानंदाची."

त्यांची बायको, मैंदर्गीची. तिच्या मेंदूतल्या, ग्लिया पेशींच्याच गाठीचा तुकडा तपासायला इथंच आला होता. त्यांनीच कापला, त्यांनीच रंगवला.

"सांभाळणारेच बिथरले, मॅडम. वाढतच गेले."

"आणि तुम्ही त्यांनाच रोज टकटक करता?"

"राग धरून कसं चालंल? शेवटपर्यंत तिच्याजवळ तेच हुते. मला आत कुटं जाता येत हुतं?" त्यांनी काच फडक्यानं पुसली. "सुम्मनिर्री तीच म्हणायची. मला. मी लई बडबड्या."

नियम सरळ आहे. यादीबाहेरची काच टाकून द्यायची. मी त्यांना नियम सांगितला, हवं तर घरी न्या, असंही म्हटलं.

"घरी एकटी पडंल की. हितं शेजार हाय. टाकू नका, एवढंच."

सिद्रामप्पा निवृत्त झाले. आता पेटी मीच उघडते, आधी दोनदा टकटक करून. एक्केचाळिसावी ओळ आखून ठेवली आहे. तिच्यापुढे काय लिहायचं, ते अजून राहिलंय.