मोटारीची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वसमतच्या गल्लीत सगळे आपापल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, आणि समोरच्या घरातले भुजंगदादा मळायचे मोटारीचे. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. पितळी वाटीत हळद कालवून आणायचे, पुढच्या दोन्ही मडगार्डांवर हात फिरवत चोळायचे, आणि उद्या जेवायला या म्हणून तिच्या कानाशी, म्हणजे दिव्याशी, वाकून आवतण द्यायचे. मग गल्लीतली कुत्री येऊन ते तूप चाटून जायची आणि मडगार्ड असे चकचकायचे, की दादा म्हणायचे, "बघा, आवतण मानलं तिनं."

मोटार आली तीसुद्धा बैल जुंपून. कुण्या जहागीरदारानं टाकून दिलेली. टपाचं कापड फाटलेलं, एक दिवा आंधळा, गादीत उंदरांचा संसार. निजामाचं राज्य होतं, वर ती मोठी लढाई चालू होती, दिव्यापुरतं रॉकेल मिळायची मारामार, आणि ह्यांनी मोटार आणली. माझ्या सासूबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "भुजंगा, दारी छकडा हाय, बैल हायेत. हे लोखंड काहून आणलंस रे?"

दादा गादीतले उंदीर हाकलत राहिले. पण काहून ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

ते होतं गोदावहिनींसाठी. वहिनी म्हणजे दादांची बायको. त्यांची एकुलती एक लेक तापानं फणफणली, तेव्हा दोघं तिला छकड्यात घालून नांदेडच्या डॉक्टरकडे निघाले होते. लेकरू वाटेतच वहिनींच्या मांडीवर गेलं. बैलांना त्याचं काय? ते आपले चालत राहिले, आणि त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजत राहिली. पुढं वहिनी माहेरी गेल्या, शिरड शहापूरला, त्या परत आल्याच नाहीत. छकड्यात आता पाय ठेवणार नाही म्हणाल्या. नुसती घुंगरं ऐकली तरी कानावर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. दादा न्यायला गेले आणि रिकामा छकडा घेऊन परत आले. त्या वाटेला तेव्हा दुसरं वाहन नव्हतं. म्हणून मोटार. तिनं शिरडला जायचं आणि वहिनींना घेऊन यायचं, एवढंच तिच्याकडून मागणं होतं.

पण ती जागची हलेल तर ना! दादांना मोटारीतलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बैलांचं सगळं येत होतं, तेच त्यांनी इथं लावलं. सकाळी उठून बॉनेटवर हात ठेवून अंग गरम आहे का बघायचे. थंडीत गोधडी घालायचे. इंजिन उकलून त्याचे तुकडे धोतरावर मांडायचे, परत बसवायचे, आणि दर खेपेला मूठभर तुकडे बाहेर उरायचे. विचारलं तर म्हणायचे, "जास्तीचे व्हते. उगं वझं." ते उरलेले मडक्यात जायचे. पुढच्या खेपेला मडक्यातले काही आत, आतले काही मडक्यात. हँडल मारून मारून खांदा भरून आला, तेव्हा मोटारीची उरलेली हळद स्वतःच्या खांद्यालाही लावून घेतली.

ट्यूब मिळेनात, तर टायरात चिंध्या ठासल्या. पुढची पाण्याची टाकी गळायची. कुण्या लॉरीवाल्यानं सांगितलं, आत हळद टाका, भोकं बुजतात. वसमतला हळदीला काय तोटा? दादांनी पसाभर ओतली आणि गळती खरंच थांबली. फक्त झाकण उघडलं की पिवळी वाफ उडायची आणि समोर वाळत घातलेलं आमचं धुणं पिवळं व्हायचं. बाया टोमणा मारायच्या, नवरीला हळद तर लागली भाऊजी, वरात कधी?

दादा मान खाली घालून म्हणायचे, "बोलून राहिली ती. जरा दम धरा."

हे त्यांचं पालुपद. मोटार खोकली तरी बोलली, शिंकली तरी बोलली. आम्ही हसायचो. पण त्या घरात दुसरं बोलणारं होतंच कोण?

आणि एका सकाळी ती खरंच बोलली. गल्लीतली कवलं हादरली. वहिनींना आणायला जायचं तर सोबत बाईमाणूस लागतं, म्हणून सासूबाईंनी माझ्या हाती खण-नारळ दिला आणि मला मागं बसवलं. वाटभर दादा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मोटारीला मात्र चुचकारत होते, "चल माय, चल."

शिरडला गाव गोळा झालं. वहिनी दारात आल्या. किती वाळल्या होत्या! मोटारीकडं बघत राहिल्या, मडगार्डावरच्या हळदीच्या डागावरून बोट फिरवलं. त्यांच्या आईनं ओटी भरली आणि त्या मुकाट माझ्याशेजारी येऊन बसल्या. नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चारचौघांत बोलायची रीतही नव्हती म्हणा.

परतताना अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या उतारावर, मोटार थांबली. आत काहीतरी कडकन मोडलं आणि पुढून पिवळं पाणी भळभळा वाहायला लागलं. दादांनी बॉनेट उघडलं, मिटलं. हँडल मारलं. मग नुसतेच उभे राहिले. ऊन चढत होतं. मला वाटलं, आता वहिनी उतरणार आणि माहेरची वाट धरणार.

तेवढ्यात लांबून घुंगरं ऐकू आली. कुणी म्हातारा शेतकरी बैलजोडी घेऊन येत होता. वहिनींचे हात कानाकडं गेले, आणि दादा त्या बैलांकडं धावत सुटले. म्हाताऱ्याला तिथंच थांबवून काहीबाही सांगत होते, हात जोडत होते. मग त्यांनी स्वतः बैलांच्या गळ्यातल्या माळा सोडल्या, डोक्याचं पागोटं उकललं आणि माळा त्यात घट्ट गुंडाळल्या.

बैल मोटारीला जुंपले. म्हातारा बैलांपुढं चालला, आणि बाजूनं दादा, उघड्या डोक्यानं, ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून.

बऱ्याच वेळानं वहिनी माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "त्यायला सांग, पागोटं बांधा. ऊन लई हाय."

मी सांगितलं. दादा मागं न बघता म्हणाले, "त्यात घुंगरं हायेत. वाजतील."

मग ओटीतला नारळ, तांदूळ सगळं वहिनींनी माझ्या पदरात सरकवलं, आपला पदर मांडीवर पसरला, आणि सरळ नवऱ्याकडं बघून बोलल्या.

"द्या इकडं. मी धरते."

दादांनी पागोटं उकललं आणि माळा एकेक करून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. वहिनींनी त्यावर पदर ओढला, वर दोन्ही हात ठेवले. वसमतपर्यंतची ती वाट सारी दगडधोंड्यांची. एक घुंगरू वाजलं नाही.