आळस: स्थायू, द्रव की वायू?

"यंदा असा प्रश्न काढतो की कुठल्याच गाइडात उत्तर सापडायचं नाही," घर्षणसरांनी जेवता जेवता जाहीर केलं. "पोरांना घाम फुटला नाही तर नाव लावणार नाही."

"कुठलं? पोरांनी ठेवलेलं?" बायकोने विचारलं.

पदार्थविज्ञानाच्या या सरांचं खरं नाव कॉलेजात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. सहल म्हणा, नाटक म्हणा, लवकर मिळणारी सुटी म्हणा, गतीत असलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या जवळून गेली की थांबायची, म्हणून पोरांनी त्यांचं बारसं केलं होतं. सरांना ते नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. सहामाहीच्या पेपरात शेवटचा प्रश्न आला: 'आळस हा स्थायू, द्रव की वायू? शास्त्रीय कारणे देऊन लिहा. गुण पाच.'

पोरांना घाम फुटला खरा. एकाने आळसाची व्याख्या लिहून पुढे न्यूटनचे तिन्ही नियम उतरवून काढले, का ते त्यालाच माहीत. एकाने 'वेळ अपुरा पडला' एवढंच लिहिलं, आणि तेही उत्तर म्हणून काही वाईट नव्हतं. सर गठ्ठा उपसत होते, शून्यं वाटत होते आणि मनोमन खूश होत होते. मग मौनीची उत्तरपत्रिका आली. मौनी म्हणजे मागच्या बाकावरची एक मुलगी. हजेरीला 'हजर' म्हणायची, तेवढाच काय तो तिचा आवाज. तिने लिहिलं होतं:

'निरीक्षणासाठी एक प्रौढ पुरुष नमुना निवडला. नाव गोपनीय ठेवले आहे. आळस हा मुख्यतः द्रव आहे. कारण त्याला स्वतःचा आकार नसतो. नमुना खुर्चीत ठेवल्यास खुर्चीचा आणि पलंगावर ठेवल्यास पलंगाचा आकार घेतो. थंडीत सकाळी तो गोठून स्थायू होतो व पांघरुणासकट उचलावा लागतो. काम सांगताच त्याची वाफ होते व तो खोलीतून दिसेनासा होतो. बाजारात जाण्याचा विषय निघाल्यास गोठलेला नमुना मध्ये द्रव न होता थेट नाहीसा होतो. यास संप्लवन म्हणतात. तोंडावर वर्तमानपत्र पसरल्यास बाष्पीभवन मंदावते. एकदा नमुना कपाळावर असलेला चष्मा घरभर शोधत होता. ही गती दिसत असली तरी कार्य शून्य होते. नमुन्यास उद्देशून बराच वेळ मोठ्याने बोलले गेले, तरी त्याचे तापमान वाढले नाही. ही सर्व ऊर्जा अप्रकट उष्मा म्हणून शोषली गेली असावी.'

'अप्रकट उष्मा' वाचून सर इतके हसले की हातातल्या लाल पेनाची रेघ तिसऱ्या पानापर्यंत गेली. पाचपैकी पाच दिले. त्यांच्या नोकरीत हे असं प्रथमच घडत होतं.

गप्प बसतील तर सर कसले? दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी उत्तर मोठ्याने, हावभावांसकट वाचून दाखवलं. खुर्चीत सांडल्यासारखं बसूनही दाखवलं. ते तर त्यांना फारच छान जमलं. रसायनशास्त्राच्या बाईंनी डोळे पुसत पुसत त्या पानाचा फोटो काढला आणि दुपारपर्यंत उत्तर कॉलेजातल्या प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसलं.

आधी ग्रंथपाल आले. चेहरा लाल.

"सर, मी पेपर तोंडावर घेऊन झोपत नाही. अक्षर बारीक असतं, म्हणून जवळून वाचतो."

"अहो, पण तुमचं नाव कुणी घेतलं?"

"घ्यायला कशाला हवं? आख्खं कॉलेज माझ्याकडे बघतंय."

ते जाताहेत तोवर हेडक्लार्क हजर. "माझी वाफ होते म्हणे. खिडकीवर गर्दी झाली की मी आत जातो, ते फायली बघायला. आणि लोक बाहेर ओरडतात ते मी ऐकून घेतो, याला सहनशक्ती म्हणतात, उष्मा नाही." मागोमाग खेळाचे शिक्षक आले आणि दुपारी बाकावर आडवं होणं हा पाठीचा व्यायाम कसा आहे ते त्यांनी सविस्तर समजावलं.

टोपी एकच होती आणि जो तो ती आपल्याच डोक्यावर बसवून बघत होता. त्यातून एक नवल मात्र घडलं, जो तो कामाला लागला. कित्येक दिवस बंद पडलेला प्रयोगशाळेतला पंखा सुरू झाला. कपाटांवरची धूळ उडाली आणि दुपारभर सगळं कॉलेज शिंकत राहिलं. सरांना हे बघून गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं.

प्राचार्य टेबलावरचे कागद उपसत होते. "माझा चष्मा बघितला का हो कुठे?"

"कपाळावर आहे, सर," घर्षणसर म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

प्राचार्यांनी चष्मा सावकाश खाली ओढला. "म्हणजे माझ्यावरच आहे तर."

"छे छे, सर! तो नमुना दुसराच कुणीतरी असणार."

"मग कोण? बोलवा त्या मुलीला."

मौनी आली आणि खाली मान घालून उभी राहिली. प्राचार्यांनी गोडीने विचारलं, मग चढ्या आवाजात विचारलं. तिने एकदा घर्षणसरांकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"ठीक आहे," प्राचार्य म्हणाले. "बाहेर जाऊन विचार कर. नाव सांगितलं नाहीस तर उत्तरपत्रिका रद्द, वर्ष गेलं समज. आणि सर, विभागप्रमुखपदासाठी तुमचं नाव पुढे होतं. होतं म्हणालो, लक्षात घ्या."

व्हरांड्यात आल्यावर सरांनी आवाज खाली आणला. "अगं, सांगून टाक ना. विज्ञानात लपवाछपवी चालत नाही."

"सर, आम्ही मागच्या महिन्यात नव्या घरी राहायला आलो."

"बरं, मग?"

"तुमच्या समोरच्या इमारतीत. माझं अभ्यासाचं टेबल खिडकीशी आहे. तिथून तुमचा हॉल दिसतो."

सरांना हे कळायला जरा वेळ लागला. मग एकेक चित्र डोळ्यांसमोरून सरकलं: खुर्ची, वर्तमानपत्र, चष्मा. सकाळी स्टाफरूममध्ये सांडल्यासारखं बसणं एवढं हुबेहूब कसं जमलं, तेही कळलं.

"आणि ते... मोठ्याने बोलणं?"

"ते खिडकी लावली तरी ऐकू येतं, सर."

हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. पाचाचा शून्य करायला कितीसा वेळ लागतो? मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

"मघाशी आत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिथेच उभे होता ना, सर."

पेन खिशातच राहिलं. सर तरातरा आत गेले. दारापाशी ग्रंथपाल आणि हेडक्लार्क आपापल्या तक्रारी घेऊन थांबले होते. त्यांच्यादेखत सरांनी सांगून टाकलं, "सर, तो नमुना मी आहे."

प्राचार्य खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"माझी अब्रू वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय?"

"नाही हो, सर. खरंच मी आहे. माझ्या घरी येऊन बघा."

"पुरे. समजायचं ते मी समजलो."

ग्रंथपालांनी सरांचा हात दाबला आणि हळूच म्हणाले, "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं." हेडक्लार्कने तर वाकून नमस्कारच केला. सर जीव तोडून सांगत होते की मीच तो, मीच आळशी. आणि जितकं सांगत होते तितके मोठे होत चालले होते. मुलीचे गुण शाबूत राहिले. संध्याकाळच्या आत विभागप्रमुखपदाचं पत्र सरांच्या हातात पडलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने उत्तराचा फोटो दोनदा वाचला.

"हुशार आहे हो पोरगी," ती म्हणाली. "एवढं शास्त्रशुद्ध मला कधी बोलता आलं नाही."

"ते राहू दे. आधी तो खिडकीचा पडदा ओढ."

"कुठला पडदा? शिवून कपाटात पडलाय. दांडा बसवणार होतात तुम्ही."

"असं होय? रविवारी बसवतो," असं म्हणून विभागप्रमुख खुर्चीत बसले. समोरच्या खिडकीत दिवा लागलेला दिसत होता. निदान खुर्ची तरी फिरवून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं, पण खुर्ची जड होती. दूध पिणाऱ्या मांजरासारखे त्यांनी डोळे मिटून घेतले.