चाकाला लावलेलं कुंकू

"यापुढे सानगडीत वीज गेली तरी माझ्या घरचा उजेड जाणार नाही!" अशी घोषणा मी १९८२ साली भर चौकात केली. ऐकायला दोन म्हशी होत्या आणि एक न्हावी. न्हाव्याने विचारलं, "दाढी करून देऊ का जी?"

उपाय साधा होता. साकोलीच्या बंद पडलेल्या भातगिरणीतलं ओतीव लोखंडाचं दांडगं चाक मी बैलगाडीत घालून आणलं. लाईट असताना मोटारीने त्याला गरगरा फिरवायचं. लाईट गेली, की चाक आपल्याच जोरावर फिरत राहणार, पट्ट्याने डायनॅमो फिरवणार आणि दिवा लावणार. ना रॉकेल, ना धूर! ते मावलं फक्त बैठकीच्या कोपऱ्यात. मागच्या खुंटीवरचा कंदील तेवढा अडकून पडला. पडू दे! आता त्याचं काय काम?

"अजी, लाईट आहे तं हे कायले फिरवून राहिले?" आमच्या निर्मलाबाईंनी विचारलं.

"लाईट जाईल म्हणून."

"आन् गेल्यावर?"

"तेव्हाही फिरेल."

"मंग थांबते कवा?"

हा प्रश्न मी पुढे ढकलला. कारण त्याच संध्याकाळी आमच्या चंद्रकांताला पाहायला करडीचे टेकचंदजी आपल्या खुशालसाठी सहकुटुंब येणार होते. मागचं स्थळ पोहे येताच लाईट गेली आणि 'मुलगी नीट दिसलीच नाही' म्हणून परत गेलं होतं. हेही गेलं असतं, तर निर्मलाबाईंनी मलाच त्या चाकाला बांधलं असतं!

पाहुणे आले. टेकचंदजी चाकाकडे बघतच बसले.

"गिरणी टाकली का जी?"

"नाही जी, उजेड साठवून राहिलो."

"कुठी?"

"चाकात."

त्यांनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली. त्यांच्या सुलोचनाबाई मात्र पुढे झाल्या.

"पूजा केली का याची? नाही? अवो बाप्पा! बिनपूजेचं यंत्र चालवता? आमच्या यायच्या हातानं कुंकू लावा आधी!"

"थांबवा मंग," टेकचंदजी म्हणाले.

"थांबत नाही जी!"

एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मूठभर कुंकू, अशा अवस्थेत बिचाऱ्या टेकचंदजींनी फिरत्या चाकाला हात लावला. फर्रर्र! छत लाल, धोतर लाल, त्यांच्या खुशालचं नाक लाल! आणि पोहे घेऊन नेमकी त्याच क्षणी आलेल्या चंद्रकांताचं कपाळ लालभडक! दचकून टेकचंदजींच्या हातचा नारळ सुटला आणि चाकाच्या पट्ट्यावर आदळला. तिकडे बघायला कोणाला सवड होती?

मुलाकडच्यांनी मुलीला कुंकू लावलं, की आमच्याकडे सोयरीक पक्की!

"मी तं चाकाले लावलं!" टेकचंदजी गोंधळले.

"लागलं कोनाले?" सुलोचनाबाई.

"पोरीले..."

"मंग? आता पुसता काय?"

खुशालने नाक पुसत मान डोलावली. चंद्रकांता पोह्यांच्या ताटाआडून हसली. ठरलं!

आणि लाईट गेली.

"हं! आता पाहा!" मी गरजलो.

सगळे पाहत राहिले. कोणालाच काही दिसेना. नारळाने पट्टा केव्हाच उडवला होता. दिव्याशी चाकाचा संबंधच उरला नव्हता, त्यामुळे ते अंधारात अधिकच मजेत घुंघुं करत होतं.

तेवढ्यात टेकचंदजींनी मला पहिल्यांदा व्याही म्हणून हाक मारली.

"ईवाई, घरात एखादा कंदील आहे का जी?"

"आहे नं," मी म्हणालो. "चाकाच्या मागं, खुंटीवर. तेवढं चाक थांबू द्या."