वखार चौकातले एकोणचाळीस

शहरात जो कोणी गाडीखाली येता येता वाचतो, तो घरी जातो आणि त्याच्यातला न वाचलेला माणूस त्याच जागी रस्त्याकडेला उभा राहतो. अशांची मोजणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता होते. सरकारी कागदात त्यांना ‘स्थिर पादचारी’ म्हणतात. लोक म्हणतात ‘राहिलेले’.

राहिलेल्यांचा त्रास असा कुणाला नव्हता. ज्या दिशेला निघाले होते तिकडे तोंड करून ते उभे असत, त्याच दिवशीच्या कपड्यांत. धक्का लागला तर रांगेतल्या माणसासारखे जरा सरकत. सायकलवाल्याची सायकल वाचलेला घेऊन जाई, त्यामुळे त्याचा राहिलेला नुसते हात पुढे धरून उभा. काहींच्या घरचे काळजी घेत. डेअरीवाल्या भोसल्यांची बायको दर रविवारी ओलं फडकं घेऊन येई आणि नवऱ्याच्या राहिलेल्याचं तोंड पुसून काढी. तोवर खुद्द भोसले बाजूला स्कूटरवर बसून तंबाखू मळत. स्वतःकडे बघायची त्यांची छाती होत नसे.

रस्ते सुरक्षा मोजणी कक्षात हेमलता गुरसाळे एकोणीस वर्षं मोजणीदार होती. काम साधं होतं. चौकाच्या वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करायची, प्रत्येकाच्या पायाशी खडूची रेघ ओढायची, वहीत खूण करायची. एकाच माणसाचे कितीही राहिलेले असले तरी तो एकच धरायचा, हा नियम तीन. ज्या चौकात एका दिवशी चाळीस वेगवेगळ्या माणसांचे राहिलेले भरतील, त्या चौकाला सिग्नल मंजूर, हा नियम चार.

वखार चौकात हेमलताच्या वडिलांचे सहा होते.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाले तरी सकाळी आठला सायकल काढून वखार चौक ओलांडायचे आणि पलीकडच्या आळीत बबनरावांकडे बुद्धिबळाला बसायचे, यात तेरा वर्षांत खंड नव्हता. नदीवरून वाळूचे ट्रक त्याच वेळी सुटत. त्यांचा पहिला राहिलेला एकसष्ट वर्षांचा होता, बरेचसे केस काळे, अंगात हेमलताच्या आईनं विणलेला तपकिरी स्वेटर. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि घरातला तो स्वेटर केव्हाच विरून गेला होता. मोजणीच्या दिवशी हेमलता त्या आप्पांपाशी जरा जास्त वेळ रेघ ओढायची.

“आप्पा, सहा झाले,” ती घरी म्हणायची. “आमच्या तक्त्यात सात राहिलेल्यांमागे एक माणूस जातो.”

“अगं, सहा वेळा सुटलो म्हणजे मला सुटायची सवय झालीय.”

“अशी सवय नसते.”

“तुला काय कळतंय त्यातलं? कधी सायकल चालवलीस का?”

एकदा तिनं सायकलच्या कुलपाची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. आप्पा पायी गेले. त्याच दिवशी सहावा राहिला. त्याचे हात तेवढे खाली होते.

सात मागे एक ही सरासरी चौकाची असते, माणसाची नसते, हे हेमलताला पुरतं ठाऊक होतं. नव्या मोजणीदारांना ती स्वतःच हे शिकवायची. पण कचेरीत ठाऊक असणं वेगळं. सकाळी आठला दारातून सायकल बाहेर पडली, की तिला जेवणही गोड लागत नसे आणि कामही. साडेअकराला आप्पांचा फोन येई, “आलो गं घरी,” आणि मग तिचा दिवस सुरू होई.

जानेवारीत वखार चौकाचा आकडा एकोणचाळीस भरला. फेब्रुवारीत अडतीस. पानसुपारीवाल्या तान्हूबाई अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात गेल्या, आणि ज्या मिनिटाला गेल्या त्या मिनिटाला त्यांच्या राहिलेल्या तान्हूबाईंनी नऊवारीचा काष्टा सावरला, डावीउजवीकडे पाहिलं आणि सावकाश रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर त्या कुठे गेल्या ते कुणी पाहिलं नाही. माणूस आपल्या मरणानं गेला, की त्याचे राहिलेले असेच निघून जातात. वहीत त्याला ‘घट’ म्हणतात. पुढं तंत्रनिकेतनातली एक मुलगी थोडक्यात बचावली आणि आकडा पुन्हा एकोणचाळीसवर आला.

मार्चची मोजणी सरकारी वर्षातली शेवटची. तेव्हाही चाळीस भरले नाहीत तर सिग्नलचा प्रस्ताव बंद, आणि बंद झालेला प्रस्ताव तीन वर्षं उघडता येत नसे. तीन वर्षं म्हणजे आप्पांच्या हजारभर सकाळी. हेमलता शुक्रवारी कुलथे साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. कुलथे हे कक्षाचे सांख्यिकी अधिकारी, कुणी शिंकलं तरी कितव्यांदा ते सांगणारा माणूस.

“एकोणचाळीस म्हणजे चाळीसच की, साहेब.”

“एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस, गुरसाळे बाई. हे तुम्हाला मी सांगायचं?”

खोटा आकडा हेमलतानं नोकरीत कधी लिहिला नव्हता, आणि आता लिहावा असंही तिच्या मनात नव्हतं. तिला खरा चाळिसावा हवा होता.

“मोजणीदाराचा राहिलेला धरतात का?” तिनं विचारलं.

कुलथ्यांनी नियमांची वही उघडली. “कामावर असताना राहिला तर धरत नाहीत. नियम सात.”

“आणि रजेवर असताना?”

कुलथ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“रजेवर असताना मोजणीदार हा नागरिक असतो,” ते म्हणाले.

“मग सोमवारची किरकोळ रजा द्या.”

“कारण काय लिहू?”

“घरगुती.”

त्यांनी सही केली. अर्ज परत देताना मात्र तो लगेच सोडला नाही. “बाई, थोडक्यात वाचणं आणि न वाचणं, यात किती अंतर धरतो आपण?”

“दीड सेकंद, साहेब.”

“दीड,” असं म्हणून त्यांनी कागद सोडला.

सोमवारी आप्पांना ती म्हणाली, “आज जरा उशिरा निघा, मी शिरा करून ठेवलाय, गरम आहे तोवर खा.” शिऱ्यापुढे आप्पांचं काही चालत नसे. ती स्वतः साडेसातला वखार चौकात पोचली. निळ्या काठाची साडी, काखेत पर्स, चपलांऐवजी पट्ट्याचे सँडल, कारण चपला ऐन वेळी दगा देतात. राहिलेले सगळे आपापल्या जागी होते. कोवळ्या उन्हात त्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांवरून गाड्या जात होत्या. आप्पांच्या सहांपैकी चौघं तिच्याच बाजूला होते. तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

वाळूच्या ट्रकांचा वेग या वळणावर किती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तिनंच तो सलग चार वर्षं नोंदवला होता. पहिला ट्रक तिनं सोडला, फार हळू होता. दुसराही सोडला, त्याच्याआड एक शाळेची रिक्षा होती. तिसऱ्या वेळी तिनं विजेच्या खांबावरची खूण पाहिली, मनात आकडे मोजले आणि पाऊल टाकलं.

हॉर्न, गरम वारा, डोळ्यांत वाळू. “ए बाई, मरायचंय का?” असं कुणीतरी वरून ओरडलं आणि ट्रक निघून गेला.

आपण वाचलो. हेमलताला इतकं हायसं वाटलं, की तिला खरोखरच हसू आलं. जमलं म्हणायचं. आता घरी जाऊन आप्पांना दुसरी वाटी वाढावी, असा विचार तिच्या मनात आला आणि धूळ खाली बसली.

समोर एक बाई पदर झटकत होती. तिनं पडलेली पर्स उचलली, काखेत मारली आणि पाठमोरी घराच्या दिशेनं चालू लागली. स्वतःची पाठ माणसाला ओळखू येत नाही. हेमलताला साडीचा निळा काठ ओळखू आला.

घरी जाणारी आपण असू, हे तिनं धरूनच चाललं होतं. एकोणीस वर्षं मोजूनही दुसरा विचार तिला शिवला नव्हता. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडू पाहिलं, ते उघडलं नाही. ती बाई वळणावर थांबली, मागं बघेल असं वाटलं, पण ती सँडलचा पट्टा नीट करायला वाकली होती. मग ती दिसेनाशी झाली.

दहाला फडतरे आला. तिच्या हाताखाली तयार झालेला मोजणीदार, रेघा सरळ ओढणारा. वायव्य कोपऱ्यातून सुरू करून तो एकेक रेघ ओढत आला आणि तिच्यापाशी थबकला. “ताई,” असं अगदी हळू म्हणाला. नंतर खाली बसून त्यानं तिच्या पायाशी रेघ ओढली, नेहमीपेक्षा जरा लांब, आणि वहीत चाळीस लिहिलं.

जूनमध्ये सिग्नल लागला. वाळूचे ट्रक पहिले आठ दिवस कुरकुरले, मग थांबू लागले. वखार चौकात त्यानंतर कुणी नवीन राहिलं नाही. पहिल्या सोमवारी हेमलता गुरसाळे वही घेऊन येते, कामात अगदी चोख आहे. या कोपऱ्याशी आली की तिची नजर पायांच्या वर जात नाही, आणि राहिलेल्या हेमलताला त्याचा राग येत नाही. तिच्या जागी तीही तेच करती.

आप्पा रोज आठला येतात. लाल दिवा लागला की कुरकुरत एक पाय जमिनीला टेकतात, नेमके तिच्याशेजारी. पहिले काही दिवस ते नुसते दिव्याकडे बघत. एका सकाळी त्यांनी हँडलवरचा एक हात काढला आणि तिच्या मनगटावर ठेवला.

“हेमे,” ते म्हणाले, “तू काळजी करू नकोस. हेमा घरी बरी आहे. हल्ली जेवते पण नीट.”

दिवा हिरवा झाला. आप्पांनी पायडल मारलं आणि ते सुखरूप पलीकडे गेले.