घरगुती अडचण

मुलीचा फॉर्म मीच भरतो म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं मी लोकांचे फॉर्म तपासतोय (म्हणजे परत पाठवतोय). तेव्हा घरचा एक फॉर्म म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं.

कॉलेज दुसऱ्या राज्यातलं, वास्तुकलेचं. हजारो अर्जांतून चाळीस जणांना घेणारं. आणि आमच्या कन्येला अकरावीत गणितात एक्केचाळीस. बाकी विषय ठीक, चित्रकलेत तर पहिली. पण जिन्यात कुत्रं आडवं झोपावं तसे ते एक्केचाळीस गुणपत्रिकेत पसरलेले.

फॉर्मात रकानाच होता: ‘गुण कमी असल्यास कारण.’

"बाबा, खरं ते लिहा," मुलगी म्हणाली. "वर्षभर पुठ्ठ्याचे पूल बांधत बसले, अभ्यास केला नाही."

"असं कोणी लिहितं का? कारण कसं भारदस्त हवं."

ती क्लासला गेल्यावर मी लिहिलं, ‘घरगुती अडचणींमुळे.’ याच कारणावर मी आजवर शेकडो रजा काढल्यात. कसली अडचण, हे साहेबांनी एकदाही विचारलेलं नाही.

बायकोने मात्र विचारलं. "कसली अडचण?"

"ते मोघम आहे. मोघम लिहिणारा माणूस कधी सापडत नाही," असं म्हणून मी बटण दाबलं.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं, व्हिडिओवर. मी पेढे आणायला निघालो होतो, तेवढ्यात मुलीने भरलेला फॉर्म उघडून वाचला आणि खुर्चीत बसली.

"बाबा, मुलाखतीत हे विचारणारच. खोटं मला जमत नाही, आणि खरं सांगितलं तर फॉर्म खोटा ठरतो."

पुढचे चार दिवस ती माझ्याशी आईमार्फत बोलली. "आई, बाबांना मीठ इकडे सरकवायला सांग." मी गुपचूप सरकवत होतो. खरं सांगायचं तर पोरीची वर्षभराची आशा मी दोन शब्दांत बुडवली होती.

मुलाखतीच्या दिवशी मला स्वयंपाकघरात बसवण्यात आलं. दाराच्या फटीतून दिसत होतं. मुलीने पुठ्ठ्याच्या पुलावर इस्त्री ठेवून दाखवली. पूल हलला नाही. पडद्यावरच्या मॅडम खूश दिसल्या. मग त्यांनी कागद उलटला.

"घरगुती अडचणी म्हणजे नेमक्या कोणत्या?"

मुलीने पुलावरची इस्त्री उचलून बाजूला ठेवली. आणि नेमकं तेव्हाच मला लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल बॅटरी दिसली. चार्जर जमिनीवर लोळत होता.

कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी रांगत निघालो, चार्जरची पिन दातात धरून (हात रांगायला लागतात). टेबलाखाली पोचलो आणि अंदाज चुकून जरा लवकर उभा राहिलो. टेबल उडालं. मुलीने पूल वाचवला. मी मटकन खाली बसलो, लॅपटॉप घसरून माझ्या मांडीवर आला आणि मॅडमना पडदाभर मी दिसलो, तोंडात वायर.

"हे कोण?"

"माझे बाबा," मुलगी म्हणाली. तिने लॅपटॉप उचलून सरळ ठेवला आणि एक मोठा श्वास घेतला. "फॉर्म त्यांनी भरलाय, मॅडम. ते कारण खोटं आहे. मी अभ्यास केला नाही, पूल बांधले. यंदा दोन्ही करते आहे."

मॅडमनी मागे डोकं चोळत उभ्या असलेल्या माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अगदीच खोटं नसावं," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मुलीची निवड झाली होती. ती धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली, आईला मध्ये न घालता. बायको पुढचं वाचू लागली: ‘वसतिगृहात जागा मर्यादित आहेत. तथापि उमेदवाराच्या घरची परिस्थिती समितीने प्रत्यक्ष पाहिली असल्याने खोली प्राधान्याने देण्यात येत आहे.’

मी तो अपमान गिळला आणि उत्साहाने म्हणालो, "मग तिला सोडायला मीच जातो. रजेचा अर्ज आजच टाकतो."

"थांबा, खाली अजून एक ओळ आहे," बायको म्हणाली. "‘सोबत एक पालक यावा. शक्यतो आई.’"