गाऊनमधली हारुका

इथे आखातात, आमच्या अल हैलच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये हारुका नावाची जपानी मुलगी राहते. तिला दुसऱ्या बायकांचे कपडे घालून स्वतःचे फोटो काढायचा नाद आहे. नवे, कडक इस्त्रीचे कपडे मात्र तिला चालत नाहीत.

मी भाबडी. तिने पहिल्यांदा मागितलं तेव्हा लग्नातली पैठणी काढून तिच्यापुढे पसरली. हिने पैठणीला वाकून नमस्कार केला आणि बोट दाखवलं माझ्या अंगावरच्या गाऊनकडे. हळदीचे डाग, खिसा उसवलेला, तो गाऊन! वर त्यावरची ओढणीही हवी. आता आपण बायका गाऊनवर ओढणी टाकून खालच्या दुकानापर्यंत जातो, म्हणून काय ती फॅशन झाली?

वय सव्वीस, नोकरी गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत. शुक्रवारी सकाळी ऊन तापायच्या आत ती गच्चीवर कॅमेरा लावते, त्यात दहा सेकंदांची वेळ भरते आणि धावत जाऊन पाण्याच्या टाकीपुढे उभी राहते. पहिल्या मजल्यावरच्या वसईच्या फिलोमिनाचा चर्चचा फ्रॉक झाला, घरमालकाच्या सुनेचा अबाया झाला. दर फोटोत बाई निराळी. माझ्या गाऊनमधला फोटो बघून तर मला घामच फुटला. एक हात कमरेवर, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, तोंडावर ‘आता कोण कडमडलं’ असा भाव. आमचे हे म्हणाले, “खलास! हुबेहूब तू.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

कशाला धावतेस, धडपडशील, मी काढते फोटो, असं मी शंभरदा म्हटलं असेल. उत्तर ठरलेलं: “नो, सॉरी, काकू-सान.” काकू मी शिकवलं, त्यांच्याकडचं आदराचं सान तिने पदरचं जोडलं. कुणी बघत असलं की तिला म्हणे दुसरी बाई होता येत नाही. मी मनात म्हटलं, केवढी ही मिजास!

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी ती दारात आली. चेहरा उतरलेला. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून एक धड वाक्य होत नाही, तरी कळलं ते असं. आईचा धोशा होता, तिथे एकटी असशील तर परत ये. हिला जायचं नव्हतं. तिकडे मी कोण हे सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय, म्हणाली. म्हणून ती दर आठवड्याला आईला फोटो पाठवायची आणि सांगायची, मैत्रीण काढते. आता आईला ती मैत्रीण बघायची होती. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल येणार होता.

“मग खरी मैत्रीण कोणीच नाही?” मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि फोन माझ्यापुढे धरला.

दोन वर्षं ही मुलगी माझ्या डोक्यावर राहतेय. मी गाऊन दिला, पण ये, बस, चहा घे, असं एकदाही म्हटलं नाही. मला माझीच लाज वाटली.

कॉल आला. आई इतकी खाली वाकली की पडद्यावर नुसता तिचा भांग दिसला. मग ती बरंच काही बोलली. हारुका सांगू लागली, “आई विचारते, सगळे फोटो तुम्हीच काढता?”

“हो म्हणावं. सगळे मीच.”

आई पुन्हा काही बोलली.

“आई म्हणते, फोटो बघून कळतं, काढणारीचा माझ्यावर जीव आहे.”

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “सांग त्यांना, आहे.”