नाथाजीचा मंगळवार

लढाई संपली होती, धान्या-गुळावरचा सरकारी कंट्रोल संपला नव्हता, आणि अशा काळात आमच्या न्हाणीघरातला नळ गळू लागला. घटना प्रथमदर्शनी किरकोळ होती. सांगलीच्या पेठेत मी, धन्यकुमार, गूळ-हळदीचा अडत्या म्हणून बरीच वर्षं बसतो आहे आणि किरकोळ गोष्टींकडे लक्ष देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. पण न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे माझी कोठी होती, आणि कोठीत गुळाच्या ढेपा छताला लागल्या होत्या. भाव अजून चढेल म्हणून मी त्या दाबून ठेवल्या होत्या. नळाचा सांधा नेमका त्याच भिंतीत होता.

आमच्या सौभाग्यवती त्रिशलाबाई यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि गूळ हलवा म्हणून सांगितलं. ते शक्य नव्हतं. ढेपा बाहेर काढल्या असत्या तर माझ्याकडे माल किती आहे हे पेठेला कळलं असतं, आणि पेठेला कळलेली गोष्ट कंट्रोलच्या साहेबाला कळायला वेळ लागत नाही. मग रस्त्यावरची चावी बंद करून पाणी तरी थांबवावं, असं त्या म्हणाल्या. त्या चावीला हात लावण्याचा अधिकार फक्त नळाच्या कचेरीला होता. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की सदरहू चावीच गळत असून, लायक नळवाला मिळताच योग्य ती कार्यवाही होईल. दरम्यान असा नळवाला अर्जदारास आढळल्यास कचेरीस कळवावं.

नळवाला मात्र त्रिशलाबाईंना आधीच आढळला होता. त्याचं नाव नाथाजी. मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन तिथे पाण्याचे पाइप जोडून आलेला. त्यानं भिंतीला कान लावला, पान्यानं नळावर टकटक केली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"शेट, सांदा गेलाय. तासाभराचं काम हाय. पाच रुपय द्या, आत्ताच हात घालतो."

इथे मी सावध झालो. ज्यांना आमच्या पेठेची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. शेतकऱ्याचा माल पुढ्यात असतो, अडत्या हातावर रुमाल टाकतो, व्यापारी एकेक करून रुमालाखाली हात घालतात आणि अडत्याची बोटं दाबून आपला भाव कळवतात. कुणी किती दाबली हे शेजारच्यालाही दिसत नाही. शेवटी अडत्या सर्वांत चढ्या भावाचं नाव पुकारतो आणि माल त्याचा होतो. माझा जन्म या रुमालाखाली गेला. उघड्या तोंडानं, दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून भाव सांगणारा माणूस माझ्या लेखी एक तर भोळा होता नाही तर लबाड, आणि भोळा माणूस बसऱ्याहून धड परत येत नाही. मी नाथाजीला चहा पाजला आणि कळवतो म्हणालो.

शेजारी नानासो राहतात. संस्थानच्या दफ्तरात हयात काढून ते निवृत्त झाले आहेत, आणि कोणतंही काम सुरू होण्यापूर्वी काय काय व्हायला हवं याचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. त्यांनी निर्णय दिला की भाव ही दुय्यम बाब आहे, आधी विश्वासार्हता शाबीत झाली पाहिजे. नाथाजीनं पलटणीचा दाखला आणून दाखवला. नानासोंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत केला. दाखला बसऱ्याच्या नळांविषयी होता, सांगलीच्या नळांविषयी त्यात अक्षर नव्हतं. तेव्हा ज्यांच्या घरचा नळ गळत नाही अशा दोन प्रतिष्ठित गृहस्थांची शिफारस आणावी, असं ठरलं. मी स्वतः हिंडलो. ज्यांचा नळ गळत नव्हता त्यांना कोणताच नळवाला माहीत नव्हता. ज्यांना नळवाला माहीत होता त्यांचा नळ गळत होता. या शोधात बराच काळ गेला. भिंतीवरची ओल माझ्या छातीपर्यंत आली आणि कोठीत गोड वास सुटला.

"अहो, त्या माणसाला हात घालू द्या," त्रिशलाबाई म्हणाल्या. "तासाभराचं काम आहे म्हणाला ना?"

मी त्यांना समजावलं की प्रश्न तासाचा नसून वाजवी भावाचा आहे. वाजवी भाव एकट्या माणसाला कळत नसतो, तो पेठेला कळतो. व्यापारी मंडळींनी नाथाजीचं काम काय योग्यतेचं ते रुमालाखाली गुपचूप सांगावं, म्हणजे मला खरा आकडा मिळेल, अशी माझी योजना होती. नानासोंनी तिला संमती दिली. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी गुळाचा सौदा आटोपल्यावर मी नाथाजीला ओट्यावर उभं केलं. मंडळींनी सवयीनं माल पारखला. एकानं त्याचा दंड दाबून पाहिला, एकानं पाना हातात घेऊन वजन केलं, एका म्हाताऱ्या हळदवाल्यानं त्याच्या सदऱ्याचा वास घेतला आणि मान डोलवली. मी हातावर रुमाल टाकला. पहिला हात आत आला, दुसरा आला, बोटं दाबली जाऊ लागली, आणि माझ्या अंगातला अडत्या जागा झाला. मी गिऱ्हाईक आहे, मला स्वस्तात पाहिजे, हे मी साफ विसरलो. भाव चढत गेला तसा मी रंगात आलो. शेवटी रुमाल झटकून मी खणखणीत आवाजात सर्वांत चढ्या भावाचं नाव पुकारलं. नाथाजीचा मंगळवार, म्हणजे येत्या मंगळवारचा त्याच्या कामाचा दिवस, पेठेतला व्यापारी अजितकुमार याला गेला होता. रीतीप्रमाणे नाथाजीच्या पैशातून मी माझी अडत कापून घेतली.

अजितकुमारच्या घरी नळ नाही. त्याच्याकडे कृष्णेचं पाणी कावडीनं येतं. मी त्याला विचारलं की बाबा, तू नळवाला कशाला घेतलास? तो म्हणाला, "तुमी स्वतः ओट्यावर उभं राहून सौदा लावला, म्हणजे माल तेजीत जाणार, एवढं मला कळतंय की."

पेठेत सगळ्यांनाच एवढं कळत होतं. संध्याकाळपर्यंत नाथाजीचा बुधवार गेला, गुरुवार गेला. आमच्या गावात हळदीचे वायदे चालतात, म्हणजे न पिकलेल्या मालाचीही आधी खरेदी-विक्री होते. तेव्हा नाथाजीचा चैत्र पिकायच्या आत विकला जाणं ओघानंच आलं. नळाच्या कचेरीनं चावीसाठी एक शुक्रवार धरला. नानासोंनी पेन्शनीतून दोन सोमवार घेतले आणि आपण सट्टा करत नसून दूरदर्शी तरतूद करत आहोत, असा खुलासा केला. ज्यांच्याकडे दिवस होते ते भाव चढायची वाट पाहत बसले. काम कुणीच करून घेईना, कारण वापरलेला दिवस विकता येत नाही. नाथाजी सकाळी पाना घेऊन चहाच्या दुकानात येई आणि संध्याकाळी तसाच परत जाई. मी एकदा त्याला गाठून हळूच म्हणालो की रिकामाच आहेस, ये की घरी.

"मी रिकामा हाय वो शेट," तो म्हणाला, "पर आजचा दिस माझा न्हाई. त्यो पेठंत हाय. तुमीच पुकारलाय."

इकडे खालच्या ढेपांना पाझर फुटला. माझं सगळं भांडवल त्या कोठीत होतं आणि मला झोप लागेनाशी झाली. मी खरोखर घाबरलो होतो. शेवटी मी अजितकुमारसमोर हात पसरला, म्हणजे रुमालाखाली पसरला, आणि पाच रुपयांच्या कामासाठी एका चांगल्या ढेपेची किंमत मोजून नाथाजीचा मंगळवार परत मिळवला.

मंगळवारी सकाळी नाथाजी वेळेवर आला. त्यानं सांध्याला गुंडाळायचा ताग सोडवला, त्यावर लावायचा सफेदा कालवला, पाना सांध्याला लावला. त्रिशलाबाई दारात उभ्या होत्या आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसत होतं. तेवढ्यात अजितकुमार धापा टाकत आला. भाव रातोरात वर गेला होता. त्यानं माझा हात धरला, रुमाल टाकला आणि अशी बोटं दाबली की माझ्या कानशिलापर्यंत कळ गेली.

"नाथाजी, थांब," मी म्हणालो.

नाथाजीनं पाना खाली घेतला. त्रिशलाबाई आत निघून गेल्या. तो मंगळवार मी विकला. आलेल्या पैशांत पुढचे दोन मंगळवार घेतले, कारण एक नळासाठी ठेवून दुसरा चढ्या भावात काढायचा माझा पक्का बेत होता. नुकसानीत चाललेला माणूस किती हिशेबी होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

त्यातला पहिला मंगळवार यायच्या आधीच नाथाजी वळकटी खांद्याला लावून दारात आला. गावाकडं निघालो, म्हणाला.

"निघालो म्हणजे? माझ्याकडं तुझे दोन मंगळवार आहेत."

"ऱ्हाऊ द्यात तुमच्याकडंच. तिकडं दहिवडीला एका हिरीवर पंप बसवायचाय. पाचच रुपय देत्यात, पर काम करू देत्यात." मग पायरी उतरता उतरता थांबला. "शेट, माझा भाव एवढा चढला, त्यातलं मला पयल्या सौद्याचं तेवढं मिळालं. त्यातबी तुमी अडत कापली."

मी त्याला सांगणार होतो की रीतच तशी आहे. पण मोटारीची वेळ झाली होती आणि तो निघून गेला.

त्याच दुपारी कोठीची भिंत बसली. पाक दाराखालून अंगणात आला, अंगणातून गटारात आणि गटारातून भर पेठेत. ज्या गुळाचा मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, तो आपल्या पायानं पेठेत हजर झाला. मंडळी धोतराचे सोगे वर धरून कडेला उभी राहिली आणि प्रवाहाच्या रुंदीवरून माझ्याकडे किती माल होता याचा अंदाज करू लागली. अंदाज बिनचूक होता. कंट्रोलच्या साहेबांनी बूट काढून पाहणी केली. नानासोंनी मला सांगितलं की एवढ्या गोष्टीचा खुलासा मागवण्यात येईल आणि मसुदा ते स्वतः लिहून देतील. संध्याकाळी त्रिशलाबाईंनी माझ्या खांद्यावरचा सौद्याचा रुमाल ओढून घेतला, पिळा घालून सांध्यावर करकचून बांधला आणि वर सुतळी आवळली. गळती थांबली. गूळ तोवर कृष्णेला मिळाला होता.

तुम्ही हसत असाल तर हसा. मीही तुमच्या जागी हसलो असतो. पण हसता हसता तुमच्या मनात एक हिशेब चालू आहे, तो मला इथं बसून ऐकू येतो. सांगलीत नळवाला उरलेला नाही, नळ तर घरोघर गळताहेत, आणि या माणसाकडे दोन मंगळवार पडून आहेत, गरजू दिसतोय, देईल स्वस्तात. नाथाजी परत येणार नाही म्हणता? दिवाळीनंतर येईल अशी पेठेत बातमी आहे. बातमी कुणी उठवली ते विचारू नका. भावही तोंडानं विचारू नका, बरं दिसत नाही. हात तेवढा पुढे करा. रुमाल सोडून आणतो, फक्त जरा ओला आहे.